एकोप्यातली फट

सी विंग सरकायला लागली आहे हे सगळ्यांत आधी माझ्या बायकोच्या, रंगूच्या, लक्षात आलं, कारण वाटी पोहोचेना.

आमचं घर बी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. सी विंगमधलं शांताबाई गांगुर्डे यांचं घरही तिसऱ्याच मजल्यावर, आणि दोघांच्या गॅलऱ्या इतक्या लगत की मधे फक्त बोटभर फट. इमारत उन्हाने फुगून तडकू नये म्हणून बिल्डर लोक दोन विंगांच्या मधे अशी फट ठेवतात. त्या फटीवरून गेली चौदा वर्षं रंगू आणि शांताबाई यांच्या वाट्यांची ये-जा चालू होती. इकडून वालाचं बिरडं जायचं, तिकडून सुकटीची चटणी यायची. कोपर भागात खाडीकडून सतत वारा असतो, त्यामुळे कोणाकडे काय शिजतंय हे लपवण्यात अर्थ नव्हता.

मार्चमधली दुपार होती. रंगूने हात लांब केला, शांताबाईंनी हात लांब केला, आणि वाटी मधेच अधांतरी राहिली.

“शांताबाई, पुढे या की जरा.”

“अवो, अजून किती पुढं येऊ? कठड्याला पोट लागलं माझं.”

रंगू आत आली. मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो. तिने वाटी माझ्या पोटावर ठेवली आणि म्हणाली, “अहो, बिल्डिंग सरकलीय.”

“कोणती?” मी विचारलं.

हा प्रश्न मुद्द्याचा होता, असं मला अजूनही वाटतं. आमच्याकडून पाहिलं तर सी विंग सरकली होती. शांताबाईंना विचारलं असतं तर त्यांनी कदाचित आमचं नाव घेतलं असतं.

मी उठून बघितलं. फट वीतभर झाली होती. तिच्यातून खाली पाहिलं तर तळमजल्यावरची एक मांजर दोन्ही भिंतींना अंग न लावता आरामात चालत पलीकडे गेली.

दोनच दिवसांपूर्वी सी विंगने अर्ज दिला होता. आम्हाला ‘एकोपा’ सोसायटीतून वेगळं करा, आमची आम्ही स्वतंत्र संस्था काढतो, असा. अर्जावर सी विंगच्या सगळ्या घरांच्या सह्या होत्या. पहिली सही दर्शनाची. दर्शना म्हणजे शांताबाईंची नात, चोवीस वर्षांची, ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते.

तो अर्ज मला तोंडपाठ होता. तो मीच लिहिलेला होता.

त्याचं असं झालं. चौदा वर्षांपूर्वी आमच्या तिन्ही विंग शेजारच्या ‘नंदनवन’ संकुलात होत्या. संकुल मोठं, आम्ही टोकाला. पाणी सगळ्यात शेवटी आमच्याकडे यायचं. म्हणजे यायचंच असं नाही. तेव्हा आम्ही बंड केलं. मी मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात एकतीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळलेला माणूस, त्यामुळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, “ज्यांना पाणी शेवटी आणि उपदेश आधी मिळतो, त्यांना आपली टाकी आपण भरण्याचा जन्मसिद्ध अधिकार आहे.” वाक्य गाजलं. जिन्यात लोक एकमेकांना थांबवून म्हणून दाखवायचे. आम्ही वेगळे झालो, नंदनवनच्या आणि आमच्या मधे भिंत बांधली, आणि फुटून निघालेल्या सोसायटीचं नाव एकमताने ‘एकोपा’ ठेवलं.

तेव्हापासून दर वर्षी नऊ मार्चला आमच्याकडे भिंतीचा वाढदिवस असतो. भिंतीला चुना देतात, हार घालतात, नारळ फोडतात आणि सगळे उभे राहून तो अर्ज ऐकतात. वाचायला दर्शना. दहा वर्षांची होती तेव्हापासून तीच वाचते, कारण आवाज खणखणीत. पहिल्या वर्षी तिला कंपासपेटी बक्षीस दिली होती. “जन्मसिद्ध अधिकार आहे” या ठिकाणी ती श्वास घेते आणि आमच्या कमिटीचे अध्यक्ष रवींद्र धोपेश्वरकर डोळे पुसतात. चौदा वर्षांत श्वासही चुकला नाही आणि रुमालही.

सी विंगमध्ये राहतात ते या जागेवरच्या जुन्या चाळीतले लोक. चाळ पाडून बिल्डरने त्यांना ती विंग दिली. बंडाच्या वेळी त्यांच्या सह्या नसत्या तर आमचं बहुमतच झालं नसतं. स्वातंत्र्य मिळाल्यावर पाण्याचा व्हॉल्व्ह आधी ए विंगला, मग बी विंगला आणि उरलं तर सी विंगला, असा क्रम लागला. हा क्रम कोणी ठरवला नाही. इंग्रजी वर्णमालेतच तसा होता. सी विंगला रोज वीस मिनिटं पाणी, तेही तळमजल्याच्या नळाला. गणपतीला पटांगण मिळायचं, भीमजयंतीला तेच पटांगण तीन सह्यांचा अर्ज दिल्यावर मिळायचं. विचारलं तर रवींद्रराव सांगायचे, “गणपती सगळ्यांचा असतो ना. त्याने अर्ज कोणाकडे करायचा?”

तर अशी फट पडली, आणि ती वाढू लागली.

रवींद्रराव हे आमच्या संध्याकाळच्या बाकड्याचेही अध्यक्ष. गेटजवळच्या त्या बाकड्याला आम्ही युनो म्हणतो. जगातल्या कोणी कोणापासून वेगळं व्हायचं आणि कोणी नाही, याचा निकाल तिथे साडेसहाच्या सुमाराला लागतो. स्कॉटलंडला आम्ही कधीच मोकळं केलं होतं. बलुच लोकांना तर केव्हाही. कॅटलोनियाला मात्र थांबायला सांगितलं होतं, कारण रवींद्ररावांच्या जावयाने बार्सिलोनात फ्लॅट घेतला होता. संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की सगळ्यांचा कंठ दाटायचा. दिल्लीने नको म्हटलं तरी आपण आपलं राज्य मिळवलं. वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की तोच कंठ मोकळा होऊन म्हणायचा, “कोणाच्या तरी डोक्यातलं खूळ आहे हो.” आपल्याच शेजारच्या सत्तावीस गावांना महापालिकेतून बाहेर पडायचं होतं, तर तो हट्ट. मी तिथे बसायचो आणि मान हलवायचो. बाकड्यावर बसलेल्याने मान हलवायची असते, नाहीतर डास चावतात.

“फुटीर आहेत,” सी विंगचा अर्ज आला त्या संध्याकाळी रवींद्रराव म्हणाले.

“पण अर्ज आपलाच आहे,” मी म्हणालो.

“तेच तर! आपले शब्द आपल्याविरुद्ध वापरतात. किती हा कृतघ्नपणा!”

फटीबद्दल मी कमिटीत विषय काढला. तोवर ती हातभर झाली होती. बी विंगच्या ज्या भिंतीवर जन्मात ऊन पडलं नव्हतं तिच्यावर ऊन पडत होतं, आणि सकाळी फटीतून एक बगळा तोऱ्यात चालत पटांगणात यायचा, जणू काही मीटिंगलाच आलाय. कमिटीने अर्धा तास चर्चा करून ठराव केला: “दोन विंगांच्या मधे फट अस्तित्वात नाही, आणि असल्यास ती वाढत नाही.” मी चिटणीस असल्यामुळे तो मीच वहीत लिहिला. लिहिताना खिडकीतून खाडीचा एक नवा तुकडा दिसत होता, पूर्वी नव्हता. त्यावर एक होडी होती. होडीतला माणूस आमच्याकडे बघत वल्हं मारायचं विसरला होता.

रंगूने ठरावाची वाट पाहिली नाही. तिने कपडे वाळत घालायच्या काठीला टोपली बांधली आणि वाटी त्यात ठेवून पाठवू लागली. काठी पुरेना तेव्हा दोन काठ्या बांधल्या. शांताबाई पलीकडून टोपली उतरवून घ्यायच्या आणि ओरडायच्या, “मिळालं गं रंगू!” आवाज हळूहळू लांबून येऊ लागला, शेतापलीकडून हाक यावी तसा. टाकीतून सी विंगकडे जाणारा पाईपही ताणला जाऊन सुतळीएवढा झाला. त्यातून आता वीस मिनिटंसुद्धा पाणी जाईना. शांताबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्या आता आमच्या पटांगणातल्या नळापर्यंत येऊन हंडा भरायच्या आणि मग आपले तीन मजले चढायच्या.

एका दुपारी दर्शना घरी आली. मला झोप लागली होती की नाही, आठवत नाही. त्या महिन्यात झोप आणि जाग यांच्यातही फटच पडली होती. मी बहुतेक वेळ तिच्यातच असायचो.

“काका, मी सकाळी पण आलेले. तुम्ही झोपलेलात.”

“आत्ताही झोपलेलोच आहे. बोल.”

“अर्ज बघता का एकदा? मंगळवारी ठाण्याला सुनावणी आहे. मी काही नवीन नाही टाकलं हां. नंदनवनच्या जागी एकोपा केलं, एकोपाच्या जागी सी विंग केलं. बस.”

मी वाचला. चष्मा न लावता वाचला, तरी सगळा दिसला. “ठीक आहे. इथे एक स्वल्पविराम चुकलाय.”

“तो तुमचाच आहे काका. मला वाटलं मुद्दाम ठेवला असेल, म्हणून दर वर्षी तिथे थांबायचे मी.”

रंगू आतून म्हणाली, “बघा. चुकीच्या ठिकाणी थांबायची सवय तुमच्यामुळे लागलीय पोरीला.”

दर्शना हसली नाही. “काका, एक खरं सांगा. तुम्ही लिहिलेलं, तेव्हा तुम्हाला खरंच तसं वाटत होतं की नुसतं लिहिलेलं?”

मी पत्रव्यवहारातला माणूस. एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कारखान्यात तर तो विचारायला बंदीच असावी. मी म्हणालो, “चहा घेशील?”

“नको,” ती म्हणाली. “आजी हंडा घेऊन निघाली असेल. जाते मी.”

ती गेली. तिला आमच्या जिन्यातून उतरून त्यांच्या जिन्यापर्यंत जायला आता अकरा पावलं जास्त लागत होती. मी गॅलरीतून मोजली.

संध्याकाळी रवींद्रराव आले. त्यांना उत्तर हवं होतं: सी विंगच्या अर्जाला सोसायटीची हरकत, चिटणीसाच्या सहीने, प्रतिज्ञापत्रावर.

“एकतेवर लिहा, मारुतीराव. तुमच्या लेखणीत ताकद आहे.”

“पण आपण वेगळे झालो तेव्हा—”

“तेव्हा आपल्यावर अन्याय होत होता.”

“आणि यांच्यावर?”

“यांची गैरसोय होतेय. फरक समजून घ्या.”

मी फरक समजून घ्यायचा प्रयत्न केला. त्यात मला गुंगी आली. समोर टाइपरायटर होता. कारखाना सोडताना मी तो भंगाराच्या भावात घेतला होता. आता, पत्रव्यवहार विभागाचा एक धर्म असतो. नवीन मसुदा कधी लिहायचा नाही. जुना काढायचा, नाव बदलायचं, तारीख बदलायची. माझे डोळे मिटले, पण हात झोपत नाहीत. हातांनी कपाट उघडलं, चौदा वर्षांपूर्वीची फाईल काढली, तिच्यातून एक कागद घेतला आणि टाइप करायला सुरुवात केली. टकटक लांबून ऐकू येत होती. वाटत होतं, मी मोहन्यात आहे, भोंगा व्हायचाय, आणि सगळ्या टेबलांवर सगळे हात आपापलं लिहिताहेत, माणसं मात्र बाहेर झाडाखाली डबा खाताहेत.

जाग आली तेव्हा उत्तर तयार होतं. “कुटुंबात भांड्याला भांडं लागतंच, म्हणून कोणी स्वयंपाकघर तोडून नेत नाही. मूठभर असंतुष्टांनी निरागस सभासदांची माथी भडकवली आहेत. आज हे वेगळे झाले, तर उद्या प्रत्येक मजला उठेल, परवा प्रत्येक खोली. पाण्याची अडचण आम्हास ठाऊक आहे व ती योग्य वेळी, योग्य मार्गाने, एकत्र राहूनच सुटेल.”

रवींद्ररावांनी ते उभ्याने वाचलं. शेवटी रुमाल काढला. “काय लिहिलंयत! एकतेवर इतकं सुंदर मी आयुष्यात वाचलं नाही.”

वाचलं होतं. चौदा वर्षांपूर्वी नंदनवनच्या वकिलाने आम्हाला नेमकं हेच उत्तर पाठवलं होतं. तेव्हा रवींद्ररावांनी ते गेटवर सगळ्यांसमोर टराटरा फाडलं होतं. मी झेरॉक्स ठेवली होती. पत्रव्यवहारवाला झेरॉक्स ठेवतोच. हे त्यांना सांगावं असं मनात आलं, पण ते रडत होते. रडणाऱ्या माणसाला संदर्भ क्रमांक सांगू नयेत.

रविवारी शांताबाई जिन्यात घसरल्या. हंडा तीन मजले गडगडत खाली गेला. त्यांच्या मनगटाला सूज आली, हाड वाचलं. रंगूने टोपलीतून हळदीचा लेप पाठवला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. बंद म्हणजे काय, सोमवारी रात्रीचं जेवण वाढताना एवढंच म्हणाली, “उद्या सही करायच्या आधी हात धुवा. शाईला वास लागेल.”

मंगळवारी ठाण्याला जायला रवींद्ररावांची गाडी होती. दर्शनालाही तिथेच जायचं होतं, तर रवींद्रराव म्हणाले, “ये की, जागा आहे. आपण काय परके आहोत?” त्यांचा एकतेवर मनापासून विश्वास आहे. ती मागे बसली, मांडीवर अर्ज. मी पुढे बसलो, मांडीवर उत्तर. मोठागावच्या पुलावर आलो तर खाली खाडीवर धुकं होतं, एप्रिलच्या उन्हातलं धुकं, आणि पूल दोन्हीकडून कशालाच टेकलेला दिसत नव्हता. बराच वेळ आम्ही तिघं हवेतून जात होतो. रवींद्ररावांनी गाडी चालवता चालवता विचारलं, “दर्शना, आजीचा हात कसा आहे?”

“दुखतोय.”

“गरम पाण्याने शेक म्हणावं.”

“पाणी असलं की शेकतो,” ती म्हणाली.



सहकार कार्यालयातल्या अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, शांत. त्यांच्या मागे खिडकीत कबुतरं घुमत होती आणि पंखा इतका हळू फिरत होता की त्याचीही सुनावणी चालू असावी. बाईंनी आमच्या जुन्या प्रकरणाची फाईल मागवून ठेवली होती. त्यांनी टेबलावर चार कागद मांडले, पत्ते मांडावेत तसे. जुना अर्ज. जुनं उत्तर. नवा अर्ज. नवं उत्तर. मग जुन्या-नव्या जोड्या एकमेकांवर ठेवून पाहिल्या.

“मला आधी वाटलं, झेरॉक्सवाल्याने घोळ केलाय,” त्या म्हणाल्या. “चिटणीस कोण?”

मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

“जुना अर्ज तुमच्या सहीचा. नवं उत्तर तुमच्या सहीसाठी आलंय. आणि नवं उत्तर म्हणजे जुनं उत्तर, जे तुमच्या विरुद्ध होतं. बरोबर?”

“बरोबर.”

रवींद्ररावांनी दोन्ही उत्तरं ओढून घेतली. जुनं, नवं, जुनं, नवं. त्यांचा चेहरा कोणीतरी मागून दिवा काढून घ्यावा तसा झाला. पण ते सावरले. अध्यक्ष आहेत. “बाई, शब्द तेच असले तरी परिस्थिती वेगळी होती.”

“काय वेगळं होतं?”

रवींद्ररावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. “तेव्हा आम्ही होतो,” ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली आणि ते लिहून घेतलं. मग प्रतिज्ञापत्र माझ्यापुढे सरकवलं. “इथे लिहिलंय, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. खाली सही करा. नाही केली तर सोसायटीची हरकत नोंदवली जाणार नाही. घाई नाही.”

रवींद्रराव माझ्या कानाशी वाकले. “मारुतीराव, भिंतीवर संस्थापक म्हणून पाटी आहे तुमची. विचार करा.”

मी विचार केला. त्या पाटीवर माझं नाव संगमरवरात कोरलेलं आहे. आमच्या घराण्यात एवढ्या टिकाऊ गोष्टीवर कोणाचंच नाव नाही. रेशन कार्डसुद्धा भिजलं होतं. कबुतरं घुमत होती. मला नेहमीची गुंगी येऊ लागली. हाताने पेन उचललंही. एकतीस वर्षांची सवय. कागद समोर आला की हात सही करून मोकळा. मी डावा हात उजव्या हातावर ठेवला, एखाद्याला झोपेतून उठवताना ठेवतात तसा. उजवा हात थांबला. तो दचकला असावा.

दर्शना माझ्याकडे बघत नव्हती. पंख्याकडे बघत होती.

“बाई,” मी म्हणालो, “हे खरं नाही. पहिलं खरं होतं. लिहिताना मला तसंच वाटत होतं. मधल्या चौदा वर्षांत ते खोटं पडावं असं काही घडलेलं नाही. आम्ही टाकीच्या जवळ आलो, एवढंच.”

मी पेनाचं टोपण लावलं.

बाईंनी चौथा कागद बाजूला ठेवला. “हरकत नाही,” त्या म्हणाल्या. कार्यालयात हे दोन शब्द लिहून त्यांखाली शिक्का मारला की ते हुकूम होतात, हे मला माहीत होतं, पण होताना पहिल्यांदाच पाहिलं.

परत येतानाही आम्ही तिघं त्याच गाडीत होतो. रवींद्ररावांनी मला उतरवलं नाही. ते सभ्य गृहस्थ आहेत. दर्शना मागे खिडकीला डोकं टेकून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. पुलावर आलो तेव्हा धुकं उडालं होतं. डाव्या हाताला आमचा सगळा भाग दिसत होता: नंदनवन, भिंत, ए विंग, बी विंग. आणि त्या सगळ्यापासून चांगलं दोनशे पावलांवर, खाडीच्या कडेला तिवरांच्या झाडीत, सी विंग एकटी उभी होती. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते. गच्चीवर कोणीतरी पापड घातले होते. बगळे तिच्याभोवती, ती कायमचीच तिथे असल्यासारखे.

रवींद्ररावांनी गाडी हळू केली. बराच वेळ बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. एवढ्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदा तिकडे पाहिलं होतं.

“ऊन फार आहे,” ते म्हणाले आणि गिअर बदलला.

पुढचं थोडक्यात सांगतो. भिंतीवरची पाटी उतरली. तिथे चौकोनी, जास्त पांढरा भाग राहिलाय. चुना कितीही दिला तरी दिसतो. बाकड्यावर मला आता कोणी सरकून जागा देत नाही, त्यामुळे कॅटलोनियाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. रंगू बोलू लागली. पहिलं वाक्य, “भाजी आणा.”

मे महिन्यात सी विंगची स्वतःची जोडणी झाली. ज्या सकाळी पाणी यायचं होतं त्या सकाळी दर्शनाने आम्हा दोघांना बोलावलं. आम्ही तिवरांच्या कडेने चिखल चुकवत गेलो. पाहुणे म्हणून जात होतो, त्यामुळे रंगूने ठेवणीतली साडी नेसली होती आणि हातात बिरड्याचा डबा होता. शांताबाई जिन्यातच भेटल्या.

“या, या मारुतीभाऊ! परदेशात आलात म्हणा की!”

“पासपोर्ट दाखवू का?”

“रंगूच्या डब्याला पासपोर्ट लागत न्हाई. तुमचं बघू,” त्या म्हणाल्या.

आठला पाच मिनिटं असताना आम्ही सगळे मोरीच्या दाराशी उभे राहिलो. नळ आधी खोकला. मग त्याने थोडी हवा सोडली, थोडा गंज, आणि मग पाणी आलं. तिसऱ्या मजल्यावर, आपलं आपण. शांताबाईंनी हंडा लावला नाही. सुजलेला हात नुसता धारेखाली धरून उभ्या राहिल्या. पाणी वाहून चाललं होतं तरी कोणी नळाला हात लावला नाही. रंगूनेसुद्धा नाही, आणि ती नळाच्या बाबतीत फार कडक आहे.

तेवढ्यात दारात संदेश आला. संदेश म्हणजे तळमजल्यावरचा रिक्षावाला. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

“दर्शना, बिझी आहेस का? नाय, म्हणजे, आम्ही तळमजल्यावाले चार जण बसलेलो काल. व्हॉल्व्ह आधी वरच्यांचा सोडणार, त्यांचं सगळं भरून झाल्यावर खाली आमचा ना? आणि ती गच्ची... आम्हाला काय उपयोग तिचा? तर आमचं म्हणणं असं आलेलं की—”

दर्शनाच्या कपाळावर एक आठी पडली. ती आठी मी ओळखत होतो. ती रवींद्ररावांची; गेली चौदा वर्षं मी त्या आठीच्या शेजारी बाकड्यावर बसलो होतो. दर्शनाचे ओठ हलले. काहीतरी येत होतं, ‘आजच का?’ असेल, ‘आत्ताच तर’ असेल, ‘सगळे एक आहोत’ असेल.  शांताबाईंनी नळ बंद केला.

त्या शांततेत पायाखालची फरशी हलली. किंचितच. होडी किनाऱ्याला लागताना किंवा सुटताना हलते तेवढी. कपाटातली भांडी एकमेकांना लागली. मी सवयीने भिंतीकडे बघू लागलो, काही झालंच नाही अशा थाटात.

दर्शनाने माझ्याकडे बघितलं. “हललं ना, काका?”

“हललं,” मी म्हणालो.

“मलापण वाटलं.” तिने कॉटवरचे कपडे उचलून जागा केली. “बसा संदेशदादा. काय म्हणणं आलेलं? पहिल्यापासून सांगा.”